मुंबई ते लंडन: अंतर ठरलेलं, मग विमानाचा वेळ रोज वेगळा कसा?

शेवंता_कोथरूड
नमस्कार मंडळी. लेक लंडनला असते, हॅरोच्या बाजूला. जानेवारीत मी आणि हे तिच्याकडे जायचं म्हणतोय, परत यायचं एप्रिलमध्ये. ह्यांचे गुडघे अगदीच कुरकुरतात, त्यामुळे एका जागी किती तास बसायचं हा आमच्या घरातला सध्याचा मुख्य प्रश्न आहे. म्हणून तिकिटं शोधायला बसले, तर डोकं गरगरायला लागलं. एका ठिकाणी मुंबई–लंडन अंतर ७,२०० किमी दिसतं, दुसरीकडे त्याहून बरंच जास्त. जातानाचा वेळ कुठे साडेनऊ तास, कुठे दहाच्या वर. येताना मात्र नऊच्या आसपास. त्याच दोन शहरांत, त्याच जातीचं विमान, मग जाता-येता एवढा फरक कसा? जावई म्हणाला, "आई, पृथ्वी फिरते ना, म्हणून." मला काही ते पटलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. दुबईहून किंवा दिल्लीहून गेलं तर किती लांब पडेल तेही सांगा.

टवाळ
पहिला नंबर माझा! पुण्याहून आहात, तर खरा प्रवास विमानतळावर पोचेपर्यंतच आहे. पुढचे साडेसात हजार किमी किरकोळ.

मोरपंखी
जावईबापू बरोबरच सांगतायत की. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे विमान वर असताना लंडन आपल्याकडे सरकत येतं. म्हणून जायला कमी वेळ लागायला हवा.

टवाळ
मग हेलिकॉप्टर घेऊन डोंबिवलीवर स्थिर राहायचं, थोड्या वेळाने खाली कल्याण सोडून अरबस्तान येईल. पेट्रोलही वाचलं.

भूगोलमास्तर
मोरपंखी, तुमच्याच हिशेबाने जाताना वेळ कमी लागायला हवा, आणि तिकिटावर तर उलटं आहे. तिथेच तो मुद्दा संपतो. कारण असं की पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. धावत्या एसटीत माशी पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर जाते तेव्हा तिला काही एसटीचा वेग कापावा लागत नाही. फरक पडतो तो हवा जमिनीच्या तुलनेत वेगळी वाहते तेव्हा, म्हणजे वाऱ्याने. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर आपल्या अक्षांशाच्या वरच्या बाजूला हिवाळ्यात जो वारा असतो, तो खालच्या वाऱ्यासारखा नसतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि त्याच्या गाभ्यात ताशी दीडशे-दोनशे किमी वेग अगदी नेहमीचा.

हिवाळ्यात हा प्रवाह उत्तर भारत, इराण, सौदी अरेबियाचा उत्तर भाग या पट्ट्यावर उतरलेला असतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्याला तो आडवा येतो, येणाऱ्याला पाठीमागून ढकलतो. तुम्ही जानेवारीत जाताय, म्हणजे वाऱ्याचा सगळ्यात जास्त त्रास असलेल्या दिवसांत जाताय. एप्रिलमध्ये परत याल तेव्हा पाठबळ असेल, पण जानेवारीइतकं नाही.

पावसाळ्यात चित्र बदलतं. पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो. तो आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये जगासमोर मांडला. वर्गात हे शिकवताना मला नेहमी वाटायचं की मान्सूनच्या धड्यात मुलांना केवळ समुद्रावरचा वारा दाखवतात, डोक्यावर दहा-पंधरा किमीवर काय चाललंय ते कुणी सांगतच नाही.

चिकू
माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

नकाशावेडा
आकडेमोड मी करतो, सुट्टीच आहे.

मुंबई विमानतळ ते हीथ्रो, पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळचं अंतर ७,२१० किमीच्या जवळपास. शेवंताताईंना पहिल्या ठिकाणी दिसलेला आकडा हा. याला बृहद्वृत्तावरचं अंतर म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर एक टाचणी, लंडनवर एक टाचणी, मध्ये दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारली तर ती इराणचं आखात, इराक, सीरिया या अंगाने जाते. दोरा मात्र त्याहून बराच उत्तरेला, कॉकेशसवरून जातो. पट्टीच्या रेघेने गेलात तर अंतर ७,४०० किमीच्या वर जातं. म्हणजे सरळ दिसणारी रेघ दोनशे किमी लांबची!

आता गंमत बघा. दोरा कुठून जातो ते मी काढलं. सौराष्ट्र, मग कराचीच्या आसपास, बलुचिस्तान, इराणचा पूर्व भाग, कॅस्पियन समुद्राचा कोपरा. बरोब्बर मध्यावर आर्मेनिया, जॉर्जिया आणि अझरबैजान यांच्या सीमा मिळतात तिथे. पुढे काळा समुद्र आणि क्रिमिया, मग पश्चिम युक्रेन, पोलंड, जर्मनी, नेदरलँड, लंडन. ही यादी वाचून कुणाला काय आठवतं?

हॅरोकर
गेल्या काही वर्षांतल्या बातम्यांचे मथळे आठवतात.

नकाशावेडा
तेच! सगळ्यात जवळचा रस्ता नेमका जगातल्या भांडणांवरून जातो.

उत्तरवारा
मी काही वर्षं एका विमान कंपनीत उड्डाण नियोजनाचं काम केलंय. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. वैमानिक विमान चालवतो, पण कुठून चालवायचं तो मार्ग आधी जमिनीवर आखला जातो. दर उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचे ताजे अंदाज घेऊन संगणक वेगवेगळे मार्ग तोलतो. त्यात तीन गोष्टी असतात: वारा, इंधन आणि परवानगी. चौथी म्हणजे पैसे, कारण ज्या देशाच्या आकाशातून जाल तो देश शुल्क घेतो, आणि प्रत्येकाचा दर वेगळा.

परवानगीचं बघा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. म्हणजे दोऱ्याचा तो तुकडा गेला. पाकिस्तानने २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत वरून जाणारी वाहतूक रोखली होती. आता एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतीय कंपन्यांना पुन्हा बंदी घातली, आपणही त्यांना घातली, आणि तेव्हापासून महिन्या-महिन्याने मुदत वाढते आहे. इथे एक बारकावा आहे. ही बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे. ब्रिटिश किंवा इतर परदेशी कंपनी पाकिस्तानवरून जाऊ शकते. म्हणून मुंबई–लंडन त्याच दिवशी, तासाभराच्या अंतराने निघालेली दोन विमानं वेगवेगळ्या रस्त्याने जाताना दिसतात.

भारतीय विमान साधारण असं जातं: उजवीकडे न वळता अरबी समुद्र, ओमान किंवा अमिरातीच्या बाजूने आखात, मग त्या दिवशी जे उघडं असेल त्याप्रमाणे इराण किंवा सौदी-इराक, पुढे तुर्कस्तान, काळ्या समुद्राची पश्चिम बाजू, रुमानिया, हंगेरी, जर्मनी. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा इराण आणि इराक दोन्ही एकदम मिटले. १३ जूनला मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान तर हवेत तीन तास काढून परत मुंबईलाच उतरलं. प्रवाशाला वाटतं कंपनीने गोंधळ घातला. पण पुढचं आकाश बंद झालं तर वळसा घालायला टाकीत तेवढं इंधन हवं, आणि ते कुणी उगाच भरून नेत नाही. जादा इंधन स्वतःच वजन आहे, आणि ते वजन वाहायलाही इंधन जळतं.

त्यातल्या त्यात मुंबईकर सुखी. आपण मुळातच समुद्राकाठी आणि दक्षिणेला आहोत, त्यामुळे आखातावरून गेल्याने थोडंच वाढतं. दिल्ली किंवा अमृतसरवाल्यांचं तसं नाही. त्यांना आधी खाली गुजरातपर्यंत यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. त्यांचा वेळ खूप वाढलाय.

शेवंता_कोथरूड
बाप रे. एवढं सगळं असतं होय! ह्यांनी वाचून लगेच विचारलं, की मग ७,२१० किमीला ताशी ९०० च्या वेगाने भागलं तर आठच तास येतात. बाकीचे दीड-दोन तास जातात कुठे?

उत्तरवारा
काकांचा भागाकार बरोबर आहे, पण ९०० हा वेग वर पोचल्यावरचा, आणि तोही हवेच्या तुलनेतला. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं, उतरायला तेवढीच, त्यात वेग कमी. शिवाय तिकिटावर छापलेला वेळ हा चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनचा नसतो. विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडच्या दाराला लागेपर्यंतचा असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणजे दोन्ही एकदम स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांगेत वीस-तीस मिनिटं सहज जातात. पलीकडे हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि त्या जवळजवळ पूर्ण भरलेल्या. उतरायला येणारी विमानं लंडनभोवती चार ठिकाणी घिरट्या घालत थांबवतात: बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन हिल. खिडकीतून तीच शेतं पुन्हा पुन्हा दिसायला लागली की समजायचं.

आणि एक धंद्यातली गोष्ट. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर आलं असं धरतात. त्यामुळे वेळापत्रकात थोडा पदर राखूनच ठेवलेला असतो. मग वैमानिक "आपण पंचवीस मिनिटं आधी पोचलो" म्हणतो आणि सगळे खूश होतात.

नकाशावेडा
वाऱ्याचा हिशेब काकांसाठी. वळसा धरून ७,४०० किमी समजू. हवेतला वेग ताशी ८९०. जाताना सरासरी ५० चा वारा समोरून: ८४० ने भागा, ८ तास ४९ मिनिटं. येताना तोच ५० मागून: ९४० ने भागा, ७ तास ५२ मिनिटं. फरक जवळजवळ तासाचा. सरासरी अवघी ५० धरली आहे हं, पूर्ण प्रवासभर जेटमध्ये कुणी नसतं. यात रांग, चढण, उतरण मिळवा, की तिकिटावरचे आकडे येतात.

अवांतर: जाताना जेवढं गमावलं तेवढंच येताना कमावलं असं वाटतं, पण तसं होत नाही. वारा शून्य असता तर दोन्ही मिळून १६ तास ३८ मिनिटं झाली असती. वाऱ्यासकट १६ तास ४१. उलट्या वाऱ्यात माणूस जास्त वेळ अडकतो, सुलट्यात कमी वेळ राहतो. ती तीन मिनिटं वारा खाऊन जातो, कुणालाच देत नाही.

टवाळ
तीन मिनिटांसाठी ग्राहक मंचात जावं काय?

दर्याकिनारी
लांबचा रस्ता लवकर पोचवतो असंही होतं ना? दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं काहीतरी वाचलं होतं.

उत्तरवारा
होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकचा मार्ग १३,९०० किमी, पॅसिफिकचा १५,३००. चौदाशे किमी जास्त, तरी साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा दोन तास आधी. कारण सगळा वेळ वारा पाठीशी. आम्ही मार्ग आखताना म्हणूनच जमिनीवरचे किलोमीटर बघायचो नाही, हवेतून किती मैल कापावे लागतील ते बघायचो. समोरून वारा असेल तर विमानाच्या दृष्टीने लंडन खरोखरच लांब असतं.

हॅरोकर
शेवंताताई, दुबई-दिल्लीचं राहिलंच. मी इथे राहतो, घरच्यांची ये-जा चालूच असते, त्यामुळे अनुभवाचं सांगतो. नकाशावेडा, जरा अंतरं काढा ना.

नकाशावेडा
काढली. सगळी बृहद्वृत्ताची, गोळाबेरीज:
मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–लंडन ५,४९५, एकूण ७,४२०.
मुंबई–इस्तंबूल ४,८३५ आणि पुढे २,४९०, एकूण ७,३२५.
मुंबई–दिल्ली १,१४० आणि दिल्ली–लंडन ६,७३०, एकूण ७,८७०.
थेट ७,२१०.

म्हणजे दुबई जवळजवळ वाटेवरच आहे, दोनशे किमीचा फरक. दिल्ली साडेसहाशेने लांब, आणि उत्तरवारा म्हणतात तो वळसा भारतीय विमानाला त्यावर आणखी.

मोरपंखी
हे मला खरंच माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं दिल्ली म्हणजे वर, लंडनही वर, म्हणजे वाटेत.

हॅरोकर
आता तासांचं. थेट गेलात तर साडेनऊ-दहा तास एका जागी. दुबईहून गेलात तर आधी तीन-सव्वातीन, मध्ये थांबा, मग साडेसात. अंतर वाढलं दोनशे किमी पण वेळ वाढला तीन-चार तास, कारण थांबा, दोनदा चढणं-उतरणं. त्यात काकांचे गुडघे. एक बाजू अशी की मध्ये उठून चालणं होतं, पाय मोकळे होतात. दुसरी बाजू अशी की दुबईच्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालणं हाच एक प्रवास आहे. माझ्या मते वयस्कर माणसांनी थेटच यावं, मधल्या वाटेची जागा घ्यावी आणि दर तासा-दीड तासाने उठावं. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, ऐनवेळी नको. लाजू नका, ती फुकट असते.

आणि घड्याळ! तुमच्या जावयाने पृथ्वी फिरण्याचं सांगितलं ते बहुतेक घड्याळाच्या गोंधळातून आलं असावं. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. समजा मुंबईहून पहाटे २ ला निघालात, पावणेदहा तास लागले, तर इथे सकाळी सव्वासहाला उतराल. तिकिटावर २ ते ६:१५ दिसतं, लोकांना वाटतं सव्वाचार तासांत पोचलो. परत येताना मात्र एप्रिल आहे, आणि इथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात. म्हणजे फरक साडेचारच तासांचा. रात्री ९ ला निघालात तर तेव्हा पुण्यात दीड वाजलेला असेल, नऊ तासांनी साडेदहाला मुंबईत. लेकीला उतरल्यावर फोन करताना हे लक्षात ठेवा.

भूगोलमास्तर
हॅरोकरांनी घड्याळाचं काढलंच आहे तर सांगतो: मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने हट्टाने आपलीच वेळ १९५५ पर्यंत चालवली. म्हणजे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा शहरात दोन वेळा चालू होत्या!

ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, चार पंख्यांचं, वेग आजच्या जेटच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास. कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि वेग एकदम आजच्याइतका झाला. मला याची फार गंमत वाटते. साठाहून जास्त वर्षं झाली, विमानं मोठी झाली, इंधन कमी खायला लागली, न थांबता जायला लागली, पण हवेतला वेग जिथल्या तिथे आहे. मध्ये कॉन्कॉर्डने दुप्पट वेग करून दाखवला, तोही २००३ मध्ये बंद पडला.

त्याआधी बोट. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला २९ ऑगस्ट १९३१ ला 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलला उतरले आणि १२ ला लंडनमध्ये. डॉ. आंबेडकर त्याच परिषदेसाठी दोन आठवडे आधी, १५ ऑगस्टला, 'मुलतान' बोटीने गेले होते. म्हणजे पंधरवडा हा त्या काळचा चांगला वेग. मार्सेलला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडायचं कारण असं की बोट पुढे स्पेनला वळसा घालून जायची, त्यात आणखी दिवस जायचे. सुवेझमार्गे मुंबई–लंडन समुद्राने साडेअकरा हजार किमीच्या वर. आणि १८६९ मध्ये सुवेझ उघडण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जवळजवळ वीस हजार. शहरं तीच, पण विमानाच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट!

दर्याकिनारी
मास्तर, दंडवत. सावरकरांच्या गोष्टीत मार्सेल का येतं ते आत्ता नीट कळलं. सगळ्याच बोटी तिथे थांबायच्या.

भूगोलमास्तर
बरोबर, पी अँड ओ कंपनीच्या टपालबोटींचा तो नेहमीचा थांबा. १९१० मध्ये 'मोरिया'ही तिथेच नांगरली होती.

टवाळ
रस्त्याने किती हो? माझ्याकडे स्कूटर आहे.

भूगोलमास्तर
विनोदात विचारलंत पण १९५७ मध्ये लंडनहून कलकत्त्याला खरीच बस आली होती. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत पन्नासेक दिवसांत. तुमच्या स्कूटरला मात्र आधी व्हिसा घ्या.

कसबा_पेठ
जरा जमिनीवर या लोकहो. शेवंताताई, कोथरूडहून मुंबई विमानतळ दीडशे किमी. आठ तासांच्या गणिताला तुम्ही मिनिटं मोजताय, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की सगळं जेट प्रवाहाचं गणित तिथेच संपलं. द्रुतगती मार्ग ९४ किमीचा, तो दोन तासांत होतो, पण पुढे पनवेल ते अंधेरी हे देवाच्या हातात. पहाटे २ चं विमान असेल तर संध्याकाळी ६ ला घर सोडा. बऱ्याच जणांचा सल्ला चार तास आधी निघण्याचा असतो, तो ऐकू नका.

मोरपंखी
नवी मुंबईचं विमानतळ झालं ना आता? पुण्याहून तेच जवळ.

कसबा_पेठ
उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. पण लंडनचं विमान सहारहूनच. ते तिकडे हललं की पुणेकर पेढे वाटतील.

शेवंता_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनी नकाशावेडांचा हिशेब कागदावर उतरवून घेतलाय आणि जावयाला पाठवलाय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आमचं थेट विमानाचंच ठरतंय. आता भारतीय कंपनी घ्यावी की ब्रिटिश? तिकिटात दोन्हींचा वेळ पंधरा-वीस मिनिटांनीच वेगळा दिसतोय.

उत्तरवारा
त्या पंधरा-वीस मिनिटांवर ठरवू नका. पाकिस्तानवरून जायला मिळाल्याने परदेशी विमानाला थोडा फायदा आहे, पण मुंबईहून तो फार नाही, आणि हिवाळ्यात त्यापेक्षा जास्त फरक वाराच पाडतो. दोन गोष्टी बघा. एक, हीथ्रोला किती वाजता उतरतं. सकाळी सहा ते आठ ही तिथली कोंडीची वेळ, घिरट्या आणि पासपोर्टची रांग दोन्ही. दुपारी उतरणारं मिळालं तर बरं, लेकीलाही घ्यायला येणं सोपं. दोन, जागेच्या पुढे पाय पसरायला किती मिळतं. काकांसाठी तेच महत्त्वाचं. आपत्कालीन दाराजवळची जागा ऐसपैस असते, पण गुडघ्याचा त्रास असलेल्यांना ती देत नाहीत. त्यामुळे पुढच्या भिंतीलगतची मिळते का विचारा.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच क्रमांकाचं विमान किती वाजता सुटलं, कुठून गेलं, किती तासांत पोचलं ते थेट मागोवा दाखवणाऱ्या ॲपवर बघा. तिकिटावरच्या वेळेपेक्षा तो अंदाज कितीतरी खरा निघतो. वारा एका दिवसात फार पालटत नाही.

शेवंता_कोथरूड
दुपारी उतरणारं एक आहे, सकाळी मुंबईहून निघतं. म्हणजे सगळा प्रवास उजेडात. मला खिडकीजवळ बसायचंय, ह्यांना वाटेच्या बाजूला. कुठली बाजू घेऊ?

नकाशावेडा
उजेड खूप वेळ राहील. पन्नास अक्षांशावर पृथ्वीची पाठ ताशी १,०७० किमीने फिरते, तुमचं विमान साधारण ९०० ने सूर्याच्या मागे धावतं. त्यामुळे दुपार लांबतच जाते.

उत्तरवारा
उजवी बाजू घ्या. जानेवारीत सूर्य दक्षिणेला असतो आणि तुम्ही वायव्येला चाललेल्या, म्हणजे डाव्या बाजूच्यांना सगळी दुपार ऊन डोळ्यांवर येतं आणि ते पडदे ओढून बसतात. उजवीकडून तुर्कस्तानातले बर्फाचे डोंगर दिसतील, आकाश स्वच्छ असेल तर व्हान सरोवरही. आणि हीथ्रोला वारा पश्चिमेचा असला, बहुतेक दिवस तसाच असतो, तर विमान शहराच्या पूर्वेकडून येतं आणि थेम्स, संसद, सगळं मध्य लंडन उजव्या खिडकीखालून जातं. पंखाच्या बरोबर वरची ओळ सोडून मागची घ्या, नाहीतर दहा तास पंखच बघत बसाल.